सतरा नंबरची सरळ रेघ

१ जानेवारी, गुरुवार

सतरा नंबरच्या पट्टीत काहीतरी काळंबेरं आहे.

आठवडाभराचे आकडे आज कॉम्प्युटरवर उतरवले. दर दहा मिनिटांनी एक. ३६.७, ३६.८, ३६.७, ३६.८. सात दिवस हेच! बाकीच्या बाळांची रेघ कशी – वर जाते, आंघोळीला धाडकन खाली येते, दुपट्यात गुंडाळलं की हळूहळू चढते. माणसाच्या पोराची रेघ अशीच असणार. सतरा नंबरची मात्र दोरी धरून आखल्यासारखी.

नोंद अशी लिहावी की उद्या नवा माणूस कामावर आला तरी त्याला कळली पाहिजे – हे मला कंपनीतल्या पहिल्या साहेबानं शिकवलं. म्हणून वर्षाच्या पहिल्या पानावर सगळं नीट लिहून ठेवतो. तळवड्यात आमचं छोटं युनिट. मी आणि बुद्धरत्न. तो इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस, मी क्वालिटीचा. गाड्यांचे सेन्सर करता करता तीन वर्षांपूर्वी ही पट्टी केली. मऊ कापडाचा पट्टा, त्यात बटणाएवढा सेन्सर, बाळाच्या पोटाला बांधायचा. अंग ३६ च्या खाली गेलं की तांबडा दिवा लागतो आणि पट्टी वाजते. वाजली की बाळाला उचलून उघड्या छातीशी धरायचं.

डॉ. स्वरूपा मॅडमनी त्यावर अभ्यास मांडलाय. दोन किलोसुद्धा न भरता हॉस्पिटलातून घरी गेलेली तीस बाळं, थंडी संपेपर्यंत. पट्टीचा खरंच उपयोग होतो असं दिसलं, तर मॅडम ती गावोगावच्या सरकारी दवाखान्यांपर्यंत न्यायचं बघणार. आणि एक जरी आकडा खोटा निघाला, तर उरलेली एकोणतीस बाळंही कुणी खरी धरणार नाही.

सतरा नंबर म्हणजे चाकणच्या नवनाथची मुलगी. आज १६१० ग्रॅम.

८ जानेवारी, गुरुवार

इंदुताईंबरोबर चाकणला जाऊन आलो. इंदुताई म्हणजे मॅडमच्या अभ्यासाच्या नर्स. दर गुरुवारी घरोघर जाऊन वजन घेतात, आकडे उतरवून आणतात. गुरुवारच, कारण एमआयडीसीला सुट्टी – आईबाप दोघंही सापडतात. अठ्ठावीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई. मला नावानं हाक मारत नाहीत. ‘पट्टीवाले’ म्हणतात.

कांदा मार्केटच्या मागं दहा बाय बाराची खोली. नवनाथ मूळचा बीडकडचा, पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामगार. त्याची बायको मोनिका. त्याची आई कौशल्याबाई, नातीसाठी गावाहून आलेली. खोली लख्ख, भांडी घासून पालथी. बाळ कौशल्याबाईंच्या पदराआड होतं, नुसतं टोपडं दिसत होतं. ते टोपडं माझ्या आईनं शिवलेलं. तीसच्या तीस बाळांना तिनं टोपडी शिवलीत, माझ्या बायकोच्या, वर्षालीच्या हाती पाठवली. मी मागितली नव्हती.

पट्टी सोडून घेतली. कोमट पाण्यात बुडवून मॅडमच्या थर्मामीटरशी ताडून पाहिली. फरक नाही. पट्टी निर्दोष. मग उरतो माणूस.

वजन १७९०. इंदुताई खूश. ‘तिसांत एवढं कुणी भरत नाही, पट्टीवाले.’ वजन काय, नशिबानंही वाढतं. सरळ रेघ नशिबानं येत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

मला का संशय येतो, तेही लिहून टाकतो. इथं कोण वाचणार आहे!

कंपनीत होतो तेव्हा ऑडिटच्या आदल्या दिवशी महिन्याभराचं रजिस्टर एका बैठकीत भरायचो. तीन वेगवेगळी पेनं. मध्येच एखादा आकडा चुकवायचा आणि दुरुस्त करायचा, म्हणजे खरं वाटतं. एका पानावर चहाचा थेंब. नव्या पोरांना मी हे शिकवायचो! पण घाई झाली की आकडे सरळ यायचे. हाताला एकच आकडा लिहायची सवय लागते. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

नवनाथही कंपनीतलाच. पट्टी वाजली तर आपल्याला बोल लागेल, म्हणून पोरीची काढून स्वतःच्या पोटाला बांधत असणार. किंवा म्हातारीच्या. मोठ्या माणसाचं अंग असं एकसारखं असतं.

बुद्धरत्नला सांगितलं. तो म्हणाला, ‘सगळेच तुझ्यासारखे नसतात राव.’ हसला. मला नाही आलं हसू.

११ जानेवारी, रविवार

आज तिचा दिवस. आमच्या मुलीचा. नऊ वर्षं झाली.

१७०० ग्रॅम होती. सहाव्या दिवशी घरी आणली. सगळे म्हणाले, डोळे धनेशचे, म्हणजे माझे. वर्षाली तिला खाली ठेवतच नव्हती. सारखी उराशी. आई म्हणाली, ‘येवढं उचलून घिऊ नगं. हाताची सवय लागंल. ठिव पाळण्यात.’ वर्षालीनं ठेवली. सकाळी सहाला हात लावला तर गार. बाराव्या दिवशी बारसं करायचं होतं. अकराव्या दिवशी गेली. म्हणून नाव नाही.

डॉक्टर म्हणाले, एवढी लहान बाळं कशानंही जातात, कुणाचा दोष धरू नका. मी धरला. आईला तोंडावर कधी बोललो नाही, पण जो विचारेल त्याला सांगत आलो. मावशीला, शेजाऱ्यांना, कंपनीतल्यांना. आईच्या कानावर गेलंच असणार. ती ऐकून घेते. चऱ्होलीला पिंटूकडं असते. माझ्या धाकट्या भावाकडं. मी सणावारीही जात नाही.

वर्षाली या विषयावर बोलत नाही. मी कुणाला सांगायला लागलो की उठून आत जाते.

पट्टी मी त्या पोरीसाठी केली. हे मॅडमनाही सांगितलेलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

वर्षाली तिळगूळ घेऊन चऱ्होलीला जाऊन आली. ‘आईंचे गुडघे फार दुखतात. एकदा फोन तरी कर,’ म्हणाली.

तिचं मन मोठं. मला नाही जमत.

१६ जानेवारी, शुक्रवार

३६.७, ३६.८, ३६.७, ३६.८.

२२ जानेवारी, गुरुवार

आज मी फार वाईट वागलो. लिहितानाही कान तापलेत.

मॅडमचा नियम पक्का आहे – पट्टीवाल्यानं पट्टी तपासायची. आकड्यांवरून घरच्यांशी एक शब्द बोलायचा नाही. संशय आला तर मॅडमना सांगायचं. तरी आज चाकणला नवनाथ समोर आल्यावर राहवलं नाही. त्याला म्हटलं, ‘खरं सांग, पट्टी कुणाच्या अंगावर असते?’

तो गोंधळला. ‘लेकराच्याच, सायेब.’

‘असे आकडे लेकराचे नसतात. मी वीस वर्षं रजिस्टरं भरलीत. मला शिकवू नकोस.’

मोनिकाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं नवऱ्याकडं असं पाहिलं – मला वाटलं, पकडलं! कौशल्याबाई बाळाला घेऊन भिंतीकडं तोंड करून बसल्या. नवनाथ आईजवळ गेला, पदराखाली हात घालून पट्टी सोडली, डबीत ठेवली आणि डबी माझ्या हातात दिली. ‘आमाला नको तुमची पट्टी. आमचं लेकरू आमी बघू.’

त्यानं आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

जिना उतरताना इंदुताई म्हणाल्या, ‘आज २१४० भरलं पोरगं. ते विचारलंत का तुम्ही?’ रिक्षात बसल्या. मग म्हणाल्या, ‘पट्टी बघायचं काम तुमचं. माणसं बघायचं माझं.’

२३ जानेवारी, शुक्रवार

मॅडमनी बोलावून घेतलं. त्या ओरडत नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवतात, तेवढ्यानंच आपल्याला कळतं.

‘धनेश, आकडा खोटा असेल किंवा खरा असेल. ते शोधायचे माझ्याकडे मार्ग होते. आता काय आहे? ऐन थंडीत ते बाळ पट्टीविना आहे, आणि ते घर आता आपल्याला दार उघडेल की नाही माहीत नाही.’

मी म्हटलं, सतरा नंबर काढून टाकू. एकोणतीस बाळांवर अभ्यास पुरा करू.

‘खोडता येत नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर काय ते लिहायचं, सही, तारीख. व्हाइटनर नाही. कशाहीसाठी नाही.’

हे मला कंपनीतही सांगितलं होतं. तेव्हा मी मान डोलवायचो.

२४ जानेवारी, शनिवार

सकाळी नऊ अंश. तळवड्याच्या रस्त्यावर वॉचमन पुठ्ठे पेटवून बसलेले. युनिटमध्ये दिवसभर हात चालला नाही. सतरा नंबरची डबी टेबलावर. आत पट्टी, तिच्या कापडाला खोबरेल तेलाचा वास. मोठ्या माणसाच्या पोटाला बांधलेल्या पट्टीला बाळाचा वास येईल का? हे परवा सुचायला हवं होतं.

संध्याकाळी वर्षालीला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, ‘वजन किती म्हणालास?’

‘२१४०.’

भाजी चिरता चिरता थांबली. ‘मी जाऊन येते इंदुताईंबरोबर. तू येऊ नकोस.’

नऊ वर्षांत ती एकाही बाळाजवळ गेलेली नाही. शेजारच्यांच्या बारशाचंही ताट मीच देऊन आलो होतो.

२७ जानेवारी, मंगळवार

इंदुताईंनी मॅडमना विचारून मंगळवार ठरवला. माफी मागायला जायचं, दुसरं काही नाही. मी गाडीत बसून राहिलो, मार्केटच्या गेटसमोर, कांद्याच्या ट्रकांच्या रांगेत. दोघी अकराला वर गेल्या. पाऊण तास झाला. तास झाला. मला वाटलं, बाळाला काही झालं. सव्वा तासानं आल्या. वर्षालीच्या ओढणीला खोबरेल तेलाचा वास.

तिनं सांगितलं तसं लिहितो.

दार कौशल्याबाईंनी बसल्या जागेवरून उघडायला लावलं – ‘कडी न्हाई लावलेली, ढकला.’ मोनिका घरात नव्हती, नवनाथही नव्हता. भिंतीला उशा लावून म्हातारी रेललेली. चोळीची गाठ सुटलेली, छातीवर उघडं बाळ, वरून शाल. बाळाच्या अंगावर टोपडं आणि लंगोट, बास. इंदुताईंना बघून त्या आधी शाल ओढून घ्यायला लागल्या. मग म्हणाल्या, ‘आता काय लपवायचं. बसा.’

मोनिका दोन तारखेपासून कामावर जाते. पॅकिंग लाइनवर, कंत्राटी. ठेकेदार म्हणाला, दोन तारखेला आली नाहीस तर नाव कमी करीन. आणि आमच्या फॉर्मवर तर लिहून दिलेलं – आई पूर्ण वेळ बाळाजवळ. खोटं उघडं पडलं तर अभ्यासातून काढतील, पट्टी जाईल, म्हणून तिघांनी तोंडं शिवलेली. गुरुवारी मोनिकाला सुट्टी. आम्ही जायचो गुरुवारीच!

मग बाळाला कोण बघतं? सगळे. कॅलेंडरच्या मागं नवनाथनं शिफ्ट लावल्यात. फर्स्ट शिफ्ट आजी. सेकंड शिफ्ट आई. नाइट बाप – त्याची स्वतःची नाइट असली की आठवडाभर आजी-सूनबाई वाटून घेतात. दूध काढून ठेवलेलं, वाटी-चमच्यानं पाजायचं. आंघोळ नाही, नुसता तेलाचा हात. आणि एकच नियम, कंपनीतला: रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. पुढचा माणूस अंगरखा काढून, हात धुऊन शेजारी बसल्याशिवाय बाळ छातीवरून हलायचं नाही. दवाखान्यात शिकवलं होतं, पट्टी वाजली की छातीशी धरा. यांनी वाजूच दिली नाही. घरी आल्यापासून ते पोर खाली ठेवलेलंच नाही!

म्हणून रेघ सरळ. आकडे खरे होते. सगळे खरे.

इंदुताईंनी विचारलं म्हणे, ‘मावशी, एवढं धरून अंग आखडत नाही का?’ तर, ‘आखडतंय की. आमच्या गावची एक म्हणली, हाताची सवय लागंल तिला. म्हणलं लागू दे. हात हायेत ते कशासाठी?’

गाडीत सांगता सांगता वर्षाली इथपर्यंत आली आणि थांबली. काच खाली केली. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. मग म्हणाली, ‘त्यांना बाथरूमला जायचं होतं रे. सकाळपासून धरून बसल्या होत्या. बाराशिवाय मोनिका जेवायला येत नाही. मला म्हणाल्या, बाई, जरा धरता का, रिलिव्हर न्हाई मला.’

‘मग?’

‘धरली. मोनिका येईपर्यंत. चाळीस मिनिटं.’

गाडी चालवताना मला समोरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून मोशीला थोडं थांबलो.

२९ जानेवारी, गुरुवार

एकटा गेलो. उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. नवनाथ पाणी भरत होता. बादली भरून होईपर्यंत त्यानं वर पाहिलं नाही.

मी म्हटलं, ‘चुकलो. तुझे आकडे खरे होते. मी माझ्यावरून तुला ओळखलं.’

‘तुमी भरलं आसंल रजिस्टर, सायेब,’ तो म्हणाला. ‘आमी लाइनवरची माणसं. आमाला भरायला रजिस्टर देतंय कोण?’

मी त्याची भरलेली बादली उचलून उंबऱ्याशी ठेवली.

मग आत बसा म्हणाला. चहा मोनिकानं केला. तिला तेवढीच काळजी – मी कामावर जाते हे कळल्यावर काढतील का? मी म्हटलं, मॅडमना खरं ते सांगणार, पण तुमच्या बाजूनं सांगणार. पट्टीची डबी पुढं ठेवली. नवनाथनं ती उलटसुलट करून पाहिली. रुसवा गेला नव्हता, पण कामगाराचा हात, गप्प बसवत नाही.

‘एक सांगू का? ही वाजती कधी, तर लेकरू गार झाल्यावर. म्हंजे पार्ट रिजेक्ट झाल्यावर बजर. आमच्या प्रेसला बजर आदी आसतो. हात मधी आला की मशीन थांबतंय, कापल्यावर न्हाई. तुमी खाली ठिवलं की वाजवा ना.’

मी कपातला चहा प्यायचा विसरलो. तीन वर्षं! मी, बुद्धरत्न, दोन डॉक्टर, अभ्यासाला परवानगी देणारी समिती. कुणाला सुचलं नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

मॅडमना सगळं सांगितलं. मोनिकाची नोकरी, शिफ्ट, माझी माफी. चष्मा डोळ्यांवरच राहिला.

सतरा नंबर राहणार. फॉर्मवरच्या ‘आई पूर्ण वेळ बाळाजवळ’ यावर एक रेघ, बाजूला खरं काय ते, नवनाथची सही, तारीख. आणि इथून पुढं सगळ्या घरांत विचारायचं – बाळाला कोण कोण धरतं? आजतागायत कागदावर फक्त आईचा रकाना होता. ‘एका बाळावरून काहीच सिद्ध होत नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘पण आपण चुकीचा प्रश्न विचारत होतो एवढं कळतं. तेही पुष्कळ आहे.’

५ फेब्रुवारी, गुरुवार

इंदुताईंनी तीसही घरांत विचारलं. नऊ घरांत आजी, चार घरांत बाप, एका घरात तर मोठी चुलती. कुणीच आपणहून सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलं नव्हतं. एका आजीनं म्हणे सुनेला बजावून ठेवलेलं, ‘मी धरते म्हणून सांगू नको, नर्सबाई रागावतील.’

११ फेब्रुवारी, बुधवार

बुद्धरत्ननं पट्टीच्या बाहेरच्या बाजूला दुसरा सेन्सर बसवला. साधी गोष्ट. बाळ छातीशी असेल तर आतली-बाहेरची, दोन्ही बाजू उबदार. खाली ठेवलं की बाहेरची बाजू आधी गार पडते, बाळ बराच वेळ नंतर. फरक दिसला की वाजायचं. म्हणजे अंग गार व्हायच्या आधी!

बुद्धरत्न म्हणाला, ‘नवनाथचं नाव घालायचं बरं का कागदावर.’ घालायचंच.

मॅडमची तंबी: नवी पट्टी म्हणजे नवी परवानगी. समितीचा होकार येईपर्यंत एकाही बाळाला लावायची नाही. तोवर तांदळाची पिशवी, १६०० ग्रॅम, कोमट पाण्याच्या पिशवीला बांधलेली. युनिटमधली पोरं तिला खेळवतात.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सतरा नंबरचं बारसं! तीन किलो भरल्यावरच करायचं, हा कौशल्याबाईंचा हट्ट. सकाळी इंदुताईंच्या काट्यावर ३०४०.

पाळणा भाड्यानं आणलेला, झेंडूच्या माळा लावलेला. पण म्हातारी पोरीला त्यात ठेवायला तयार होईना. शेवटी म्हणाली, ‘पाळण्याचं गाणं होईस्तोवर. त्याच्यावर एक मिनिट न्हाई.’ बायकांनी गाणं लांबवायला सुरुवात केली तशी तिनं डोळे वटारले. सगळे हसले. नवनाथच्या बहिणीला रजा मिळाली नव्हती. आत्या कोण? मोनिका वर्षालीकडं बघून म्हणाली, ‘ताई, तुमी व्हा.’ वर्षाली एक क्षण माझ्याकडं बघत राहिली. मग पुढं झाली, पाळण्यात वाकली, बाळाच्या कानात नाव सांगितलं. कस्तुरा. पाठीवर बायकांचे धपाटे बसले ते हसत सोसले. तिला असं हसताना मी किती दिवसांनी पाहिलं!

जेवताना कौशल्याबाईंनी विचारलं, ‘तुमाला लेकरू?’ मी सांगायला लागलो. एक मुलगी होती, अकरा दिवसांची. आमच्या आईनं म्हटलं –

वर्षाली पानावरून उठली. ‘पाणी आणते.’

पाण्याचा तांब्या आमच्या समोरच होता, भरलेला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

थंडी सरली. अभ्यास आज संपला. तीसही बाळं दोन किलोंच्या वर, तीसही घरी. पट्टी वाजली त्या घरांत बाळ उचललं गेलं, हे दिसतंय. सर्वांत जास्त वजन जिचं वाढलं, तिच्या घरी पट्टी एकदाही वाजली नाही, हेही दिसतंय. मॅडम दोन्ही लिहिणार आहेत.

संध्याकाळी नवी पट्टी आणि तांदळाची पिशवी घरी आणली. वर्षालीनं पिशवी उराशी धरली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दिवा हिरवा. मग गादीवर ठेवली. थोड्या वेळानं वाजायला लागली. मी बंद करायला गेलो तर वर्षालीनं माझा हात धरला.

‘वाजू दे,’ म्हणाली.

आम्ही दोघं ऐकत बसलो.

१ मार्च, रविवार

११ जानेवारीच्या पानावर रेघ मारली. ‘आई म्हणाली’ यावर, एकच. खालचं वाचता येतं. बाजूला लिहिलं – मी म्हणालो.

आई त्या आठवड्यात घरात नव्हती. पिंटूच्या सासरी लग्नाला गेली होती. ‘लागंल’, ‘ठिव’ हे तिच्या बोलीत मी लिहिलं, खरं वाटावं म्हणून. चहाच्या थेंबासारखं. दमलो होतो, झोप हवी होती, वर्षालीला म्हटलं, हाताची सवय लागेल, ठेव तिला पाळण्यात. नऊ वर्षं वर्षालीला माहीत होतं. आईला माहीत होतं. तिनं ऐकून घेतलं.

सही केली. तारीख टाकली. पान वर्षालीला दाखवलं. तिनं वाचलं. ‘आईंना दाखव,’ म्हणाली.

वही घेऊन चऱ्होलीला निघालोय.